गर्भपाताने वंध्यत्व येते का? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

‘पहिला गर्भ कधीही पाडू नका’ अशी सुरुवात असलेला एक संदेश कुटुंबांच्या आणि भिशीच्या व्हॉट्सॲप गटांतून सतत फिरत असतो. त्यातले दावे थोडक्यात असे: पहिला गर्भपात केला की पिशवी कायमची कमजोर होते व पुन्हा दिवस जात नाहीत, गेलेच तर टिकत नाहीत, गोळ्यांनी गर्भनलिका बंद होतात, पुढे स्तनांचा कर्करोग होतो, बाई आयुष्यभर नैराश्यात राहते, आणि नवऱ्याच्या सहीशिवाय गर्भपात बेकायदा ठरतो. यांपैकी काही दावे निखालस खोटे आहेत, तर एक-दोन ठिकाणी सत्याचा अंश आहे. तो अंश नेमका कोठे आहे हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पहिला दावा दिवस न जाण्याचा. गर्भ राहण्यासाठी बीजांडकोश, गर्भनलिका आणि गर्भाशयाचे अस्तर ही तिन्ही नीट असावी लागतात. गोळ्यांनी किंवा योग्य रीतीने केलेल्या शस्त्रक्रियेने झालेला, गुंतागुंत न झालेला गर्भपात यांपैकी कशालाही कायमची इजा करत नाही. उलट, गर्भपातानंतर साधारण दोन आठवड्यांतच पुन्हा बीजनिर्मिती होऊ शकते, म्हणजे पुढची पाळी येण्याआधीच दिवस जाऊ शकतात. ‘आता काही होणार नाही’ या समजुतीत राहिलेल्या स्त्रीला हीच माहिती वेळेवर मिळत नाही, आणि संततिनियमनाचा विचार मागे पडतो.

सत्याचा अंश आहे तो इथे. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘क्युरेटिंग’ म्हणतात, त्यात पूर्वी धातूच्या धारदार उपकरणाने पिशवी आतून खरवडली जाई. खरवडणे खोलवर गेले किंवा वारंवार झाले, तर अस्तराचा तळाचा थर निघून जातो, पिशवीच्या भिंती आतून एकमेकींना चिकटतात, पाळी अगदी कमी होते किंवा थांबते आणि गर्भधारणेला अडथळा येतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत सोडून देण्यास सांगितले आहे. तिच्या जागी आलेल्या पद्धतीत प्लॅस्टिकची नळी आत घालून निर्वात दाबाने पिशवी रिकामी केली जाते. खरवडावे लागत नाही. त्यामुळे ‘पिशवी साफ करावी लागेल’ असे डॉक्टर म्हणाले, तर ते कोणत्या पद्धतीने करणार हे विचारायला संकोच करू नये. दुसरा खरा धोका जंतुसंसर्गाचा. अस्वच्छ ठिकाणी, अप्रशिक्षित हातांनी केलेल्या गर्भपातानंतर संसर्ग नलिकांपर्यंत पोचला, तर त्या बंद होऊ शकतात.

मग ‘आमच्या ओळखीतल्या अमकीला नंतर मूल झाले नाही’ या उदाहरणाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात साधारण सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते, आणि त्यात कधीच गर्भपात न झालेली असंख्य जोडपी येतात. बाविसाव्या वर्षी गर्भपात झालेली स्त्री पस्तिशीत मुलाचा विचार करू लागते, तेव्हा मधल्या काळात वय वाढलेले असते. भारतात जननमार्गाचा क्षयरोगही नलिका आणि अस्तर बिघडवतो, तोही अनेकदा कोणाच्या लक्षात न येता. शिवाय नवऱ्याची वीर्यतपासणी अनेक घरांत शेवटी होते किंवा होतच नाही. दोष मात्र ठरलेल्या ठिकाणी जातो.

गर्भ न टिकण्याबद्दल: डेन्मार्कमधील स्त्रियांवरच्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या तिमाहीत गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या नंतरच्या ११,८१४ गर्भधारणा तपासल्या गेल्या. गोळ्या घेतलेल्या स्त्रियांमध्ये गर्भ आपोआप पडण्याचे, गर्भाशयाबाहेर राहण्याचे किंवा मुदतीपूर्वी प्रसूती होण्याचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा अधिक आढळले नाही. मात्र शस्त्रक्रियेने, विशेषतः अनेकदा, गर्भपात झालेल्यांमध्ये मुदतीपूर्व प्रसूतीचा धोका किंचित वाढल्याचे काही अभ्यासांत दिसते. ‘पुढे टिकतच नाही’ या विधानापासून हे फार दूर आहे.

गोळ्यांचा मुद्दा अधिक बारकाईने पाहायला हवा. पाकिटात पाच गोळ्या असतात. २०० मिलिग्रॅमची मिफेप्रिस्टोनची एक गोळी गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचा परिणाम रोखते. एक-दोन दिवसांनी घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या पिशवीचे आकुंचन घडवतात. दोन्ही औषधे काही दिवसांत शरीराबाहेर जातात आणि नलिका बंद करत नाहीत. धोका निर्माण होतो तो तपासणी टाळल्याने. गर्भ नलिकेत असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही, आणि नलिका फुटली तर जीवावर बेतते. लागोपाठ दोन तास तासाला दोन मोठे पॅड भिजण्याइतके अंगावरून जात असेल, ताप उतरत नसेल किंवा पोटात एका बाजूला तीव्र दुखत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकातील एका अभ्यासाने २०१५ या वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा आणि त्यांपैकी ७३ टक्के रुग्णालयाबाहेर गोळ्यांनी झाल्याचा अंदाज मांडला. डॉक्टरांकडे जाण्याऐवजी कोणालाही न सांगता मेडिकलमधून पाकीट आणण्याकडे ढकलण्याचे काम अशा संदेशांतली भीतीच करते, असे माझे मत आहे.

कर्करोगाचा दावा तर केव्हाच निकालात निघाला आहे. जुन्या अभ्यासांत कर्करोग झालेल्या स्त्रियांना पूर्वायुष्याबद्दल विचारले जाई. आजारी स्त्री कारण शोधत सर्व सांगते, निरोगी स्त्री गर्भपात लपवते, आणि आकडे तिरपे होतात. १९९७ साली डेन्मार्कमध्ये सुमारे १५ लाख स्त्रियांच्या सरकारी नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा एकंदर धोका वाढलेला आढळला नाही. २००४ साली १६ देशांतल्या ५३ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातूनही हाच निष्कर्ष निघाला.

नैराश्याबाबत एवढेच की, दुःख होऊ शकते, विशेषतः हव्या असलेल्या गर्भात व्यंग निघाल्यावर किंवा घरच्यांनी जबरदस्ती केल्यावर. पण अमेरिकेत गर्भपात झालेल्या आणि तो नाकारला गेलेल्या मिळून सुमारे हजार स्त्रियांचा पाच वर्षे मागोवा घेतलेल्या अभ्यासात गर्भपातामुळे मानसिक आजार वाढल्याचे दिसले नाही. सुरुवातीला जास्त चिंताग्रस्त होत्या त्या गर्भपात नाकारला गेलेल्या स्त्रिया.

राहिली नवऱ्याची सही. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात ही अट कधीच नव्हती. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. पालकाची लेखी संमती लागते ती १८ वर्षांखालील मुलीसाठी किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका आणि ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या गटांतून अविवाहित स्त्रियांना वगळता येणार नाही असा निकाल दिला. लिंगनिदान करून केलेला गर्भपात मात्र गुन्हाच आहे. अनेक रुग्णालये स्वतःच्या सोयीसाठी नवऱ्याला बोलावून आणायला सांगतात. अशा वेळी संमतीपत्राचा ‘फॉर्म सी’ मागून पाहावा, त्यावर नवऱ्याच्या सहीसाठी जागाच नाही.