प्लास्टर काढल्यानंतरचं काय?

१६ ऑगस्ट २०२५ला ठाण्यात दहीहंडीला कोकणनगरच्या पथकाने दहा थर लावले आणि इथे पोलंडमधल्या क्राकूव्हमध्ये माझा फोन व्हिडिओंनी भरून गेला. मी वर्तकनगरात वाढलो. एक्का, म्हणजे सगळ्यात वरच्या थरावरचा गोविंदा, वर चढताना आजही श्वास अडकतो. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर दरवर्षीचं भांडण जुंपलं होतं. एक बाजू म्हणे परंपरा, दुसरी म्हणे पोरांच्या जिवाशी खेळ.

या भांडणाचे टप्पे पाठ झालेत. २०१४मध्ये हायकोर्टाने वीस फुटांची मर्यादा घातली. २०१७मध्ये ती उठली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना बंदी तेवढी राहिली. २०२२मध्ये दहीहंडी साहसी खेळ ठरली, गोविंदांना सरकारी नोकरीत पाच टक्क्यांचं आरक्षण मिळणार असं जाहीर झालं आणि स्पर्धा परीक्षा देणारी मुलं खवळली. बोलणं सगळं पडण्याआधीचं, किंवा पडल्यावर मिळणाऱ्या विम्याचं. प्लास्टर काढल्यानंतरच्या महिन्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मला हे खटकायला लागलं ते रॉबर्ट कुबित्सामुळे. तो याच शहरातला. पोलंडचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर. २००७मध्ये कॅनडाच्या शर्यतीत त्याच्या गाडीचा चुराडा झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच ट्रॅकवर तो जिंकला. फॉर्म्युला वनमधला त्याचा तो एकमेव विजय. मग ६ फेब्रुवारी २०११. इटलीतल्या एका छोट्या रॅलीत रस्त्याकडेचा लोखंडी कठडा त्याच्या गाडीत घुसला आणि आरपार गेला. सहचालकाला खरचटलंही नाही. कुबित्साचा उजवा हात मात्र कोपराखाली जवळजवळ तुटला. गाडीतून बाहेर काढायलाच तासाहून जास्त वेळ गेला. हात वाचवायला डॉक्टर सात तास झटले. पुढच्या जानेवारीत बर्फावरून घसरून अपघातात मोडलेला पाय पुन्हा मोडला, हे वर.

फॉर्म्युला वनच्या शर्यतीत तो परतला २०१९मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी. मधल्या काळात तो रॅली चालवत राहिला, २०१३ला रॅलीतल्या दुसऱ्या श्रेणीचा जगज्जेता झाला, डाव्या हातावर जास्त भार टाकून गाडी वळवायला शिकला. परतला तो सगळ्यात मंद गाडीत. एकवीसच्या एकवीस पात्रता फेऱ्यांत जोडीदार जॉर्ज रसेल त्याच्या पुढे होता. आमच्या ऑफिसात अजून म्हणतात, तेल कंपनीच्या पैशावर जागा मिळाली. असेल. पण त्या मोसमात त्याच्या संघाला मिळालेला एकुलता एक गुण कुबित्साचा होता. मला तर जून २०२५मध्ये पिवळ्या फेरारीत त्याने जिंकलेल्या ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीपेक्षा तो शेवटून धावलेला मोसम जास्त आवडतो. अर्थात शेवटचे काही तास गाडी त्याच्याच हातात होती, हे पाहताना मीही खुर्चीत बसू शकलो नाही.

इथे सगळं आलबेल आहे असा गैरसमज नको. मागच्या हिवाळ्यात मी बर्फावर पडलो. सरकारी फिजिओथेरपीची तारीख इतक्या महिन्यांनंतरची मिळाली की शेवटी खिशातून पैसे भरले. कुबित्साकडे पैसा होता, उत्तम सर्जन होते आणि अडेल स्वभाव होता. त्यातलं सरकारने काही दिलं नव्हतं.

तरी एक फरक आहे. माझा एक मित्र चौथ्या थरावरून पडला, कोपर मोडलं. ऑपरेशन झालं, मंडळाने खर्च केला, नेते फळं घेऊन आले, फोटो निघाले. मग आठवड्यातून तीनदा बस पकडून व्यायामाला जायचं होतं आणि प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडत होती. दीड महिन्यात त्याने नाद सोडला. आज तो हात खांद्यापर्यंत आणतो, केस विंचरायला डावा लागतो. थर किती असावेत यावर माझं मत नाही, म्हणजे आहे पण ते इतक्या लांबून सांगण्यात अर्थ नाही. विम्याच्या कागदावर व्यायामाचे सहा महिने आणि तेवढ्या दिवसांची बुडालेली मजुरी लिहा, एवढंच मागणं आहे. मंडपावरच्या एका एलईडी पडद्याचं भाडं वाचवलं तरी दोघातिघांचं भागेल, असा माझा अंदाज.

परवा मित्राला कुबित्साची सगळी गोष्ट सांगितली. मला वाटलं, हाताबद्दल विचारेल. तो म्हणाला, "पहिली दोन वर्षं त्याचं घर कोण चालवत होतं रे?"