परतीची बस? येईल की!

'तोरण्याला? अहो, पायथ्याच्या वेल्ह्यापर्यंत बस आहे की!' आहे ना. जायला! परतीची कधी, असं विचारलं की एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीतला माणूस असा बघतो जणू आपण उसने पैसे मागितलेत. 'येईल.' कधी? 'येईल हो!' १४०३ मीटर उंचीचा गड, आणि आपण बिनी दरवाज्यातूनच घड्याळ बघत माघारी. खाली टपरीवाला सांगतो, 'आज रविवार ना, काही भरवसा नाही.' मग ट्रेकर काय मंगळवारी येणार?

राजगडाला जायचंय? मार्गासनी फाट्यावर उतरा आणि पायथ्याच्या गुंजवण्याची जीप भरेपर्यंत ताटकळत बसा. सिंहगडाला बस मिळते बरं का! फक्त ती पायथ्याच्या अलीकडे मोटारींच्या रांगेत अडकते. एकेका मोटारीत दोन-दोन माणसं, तीही वर पिठलं-भाकरी खायला निघालेली. (चालणार पार्किंगपासून पुणे दरवाज्यापर्यंत. स्टेटसला मात्र 'ट्रेक'!) रस्ता त्यांचा, खोळंबा आमचा.

वर फुकटचा सल्ला: 'स्वतःची गाडी का नाही घेत?' का घ्यावी? त्याच रांगेत उभं राहायला? आणि चुकून बस आलीच, तर कंडक्टर ओरडणार, 'ओ, सॅक मांडीवर घ्या!' घेतो हो. डोक्यावर घेतो. वेळापत्रक तेवढं लावा कुठेतरी!