कार्ड हाये न, मंग पीएचसी कायले पाह्यजे?

घरच्या ग्रुपवर चुलतभावानं परवा टाकलं, सरकारनं त्या पीएचसी-बिएचसी (गावाकडची प्राथमिक आरोग्य केंद्रं) बंद करून टाकाव्या, डॉक्टर तर तिथं राहतच नाही, सरकारचं पाच लाखाचं आयुष्मान कार्ड भेटलंच आहे, डायरेक्ट नागपूर. खाली अंगठ्यांची रांग. माझं डोकंच सटकलं. इथं इंग्लंडात लीड्समध्ये मध्यरात्र, सकाळी आठच्या ठोक्याला सर्जरीत (इथं साध्या डॉक्टरच्या दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात) फोन लावायचा होता, तरी टाइप करत बसलो.

अरे बाबा, ते कार्ड भरती झाल्यावर चालते, तेही यादीतल्या उपचाराला. काकूची शुगर, बाळंतिणीची तपासणी, पोराचं लसीकरण, रोजची बीपीची गोळी, ह्याला नागपुरात कोणत्या काउंटरवर कार्ड दाखवशील? अन् कपाशीत साप चावला तर नागपूर दीडशे किलोमीटरच्या पलीकडे आहे राजा, इंजेक्शन जवळच भेटलं पाहिजे. 2017 ला फवारणीच्या विषबाधेनं आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-मजूर गेले, विसरला का?

इथं कोणी सकाळी उठून कार्डिओलॉजिस्टकडे जात नाही. आधी जीपी, म्हणजे आपल्या भागातला साधा डॉक्टर, त्याला वाटलं तर तो पुढं पाठवते, बस. हे बोललो की ग्रुपवर सुरू होते, झालं याचं लंडन चालू (मी लंडनला राहतही नाही). पण ही उतरंड काही इथूनच उचलून आणायची गोष्ट नाही, आरोग्यावर नेमलेल्या आपल्या भोर समितीनं 1946 लाच मांडली, इथली सरकारी आरोग्यसेवा एनएचएस सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी. आताच्या नियमात पाच हजार लोकांमागं उपकेंद्र, आदिवासी भागात तीन हजारांमागं, तीस हजारांमागं पीएचसी, मग ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, जिल्हा, अन् शेवटी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. कागदावर काहीच कमी नाही. आणि विदर्भानं तर करूनही दाखवलं, गडचिरोलीत बंग दांपत्यानं गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळं वाचवली, 1999 ला ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या नावाजलेल्या जर्नलमध्ये छापून आलं. सेवाग्रामच्या हॉस्पिटलनं लोकांकडून ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला, ज्वारी! आणि आपण म्हणतो बंद करा.

डॉक्टर राहत नाही हे खरंच आहे. मग क्वार्टर नीट करा, जागा भरा, त्यासाठी भांडा की. दुकानाचं शटर गंजलं म्हणून कोणी दुकान पाडते का?

तर त्याचा मेसेज आला, "तुह्या गुडघ्याच्या एमआरआयले किती महिने लागले रे?" म्हणजे आईनं सांगितलं होतं. लागले. इंग्लंडची वेटिंग लिस्ट सत्तर लाखांच्या वर आहे हे मलाही माहीत आहे. तो वेगळा विषय आहे म्हणून मी लिहिलं. तितका वेगळा नाही तो, पण भांडणात कोण मान्य करते!

खरं सांगू का, मला राग त्याच्या मेसेजचा जेवढा आला तेवढाच दुसऱ्या एका गोष्टीचा येतो. गावात आशाताई, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, घरोघरी फिरते, आईची बीपी विचारते, गोळ्या घेतल्या का म्हणून दटावते. मागच्या सर्व्हेत आईनं घरातल्या माणसांत माझंही नाव सांगितलं तर ती म्हणाली, काकू, इथं राहते तेच लिहायचे असतात. बरोबरच बोलली, नियमच तसा आहे. पण मला ते फार लागलं. इथं सर्जरीतली बाई दर वेळी जन्मतारीख विचारून मगच मला ओळखते, अन् तिकडं ओळखणारी ताई मला मोजत नाही. पीएचसी चालली पाहिजे असं मी एवढं ओरडतो त्यातलं अर्धं धोरण असेल, अर्धं असं आहे की आईच्या जवळ मी नाही, तर कोणीतरी असावं.

चुलतभावाला हे काही लिहिलं नाही. ग्रामसभेत विषय काढ म्हटलं, तर म्हणे, "तूच ये न भाऊ बोलाले, मी माइक पकडतो." डिसेंबरात येतो म्हटलं. त्यावर आईनंच विचारलं, तिकीट काढलं का आधी?