आत्याची सोमवारची गोळी

‘आमवातावर देतात ती मेथोट्रेक्सेट कॅन्सरची गोळी आहे, लिव्हर खलास करते. 50 वर्षांत या आजारावर नवं औषध निघालेलंच नाही. गोळ्या बंद करा, हाडजोडीचा काढा घ्या.’ हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा फिरला. लालबागच्या आत्याने तो खरा मानला आणि पाच सोमवार गोळी चुकवली. परवा गेले तर तिची मनगटं टम्म सुजलेली, कुकरचं झाकण लावायला शेजारच्या मुलीला हाक मारत होती. आता मात्र गप्प बसवत नाही.

कॅन्सरची गोळी? हो, औषध तेच. पण काही कॅन्सरमध्ये ते ग्रॅममध्ये देतात आणि आत्याला आठवड्यातून एकदा 15 मिलिग्रॅम. या मात्रेत ते सांध्यांची सूज उतरवतं. अमेरिकेत 1988 पासून आमवातासाठी ते मंजूर आहे. लिव्हरला त्रास होऊ शकतो, हे खरं. म्हणूनच ठरावीक दिवसांनी रक्त तपासतात, सोबत फॉलिक ॲसिड देतात. खरा धोका चुकून रोज घेण्यात आहे, त्याने जीव जाऊ शकतो. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही!

नवं औषध नाही म्हणे. 1992 मध्ये लंडनला मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी या संशोधकांनी टीएनएफ हे सूज भडकवणारं प्रथिन रोखून दाखवलं, त्यातून इंजेक्शनांची अख्खी पिढी आली. 2012 मध्ये टोफासिटिनिबची गोळी आली. तिच्यात हृदयविकाराचा आणि कॅन्सरचा धोका दिसला तोही चाचणीतूनच, आणि 2021 मध्ये अमेरिकेने तिच्या वापरावर बंधनं घातली. काढ्याची अशी तपासणी कोणी केली? आमवातात हाड मोडलेलं नसतं, आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उठलेली असते.

एक मान्य करते. आजार मुळापासून जात नाही आणि महागडं ते सरस असंही नाही. 2013 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 353 रुग्णांची चाचणी छापून आली. एकट्या मेथोट्रेक्सेटने भागत नव्हतं असे हे रुग्ण. तिच्या जोडीला दोन जुन्या, स्वस्त गोळ्या दिल्या, तर त्या महागड्या इंजेक्शनच्या तोडीस तोड ठरल्या. आणि गोळ्यांच्या व इंजेक्शनच्या, दोन्ही गटांत मेथोट्रेक्सेट होतीच. मेसेज जी बंद करायला सांगतो, तीच.

काल आत्याला डॉक्टरांकडे नेलं. रक्ताचा रिपोर्ट ठीक आला. कालनिर्णयवर पुढच्या सोमवारी तिने स्वतःच गोल केलाय, वाकडातिकडा. पेन नीट धरता येत नाही अजून.