खुलासा: आयफोनचे ‘ट्वीक’ अधिकृत स्टोअरवर मिळत नाहीत

‘युरोपात आता जेलब्रेक (आयफोनवरील कंपनीचे निर्बंध तोडणे) न करताच सिडियातील (जेलब्रेक केलेल्या फोनसाठीच्या अनधिकृत स्टोअरमधील) ट्वीक (फोनच्या मूळ प्रणालीत बदल करणारे छोटे प्रोग्राम) अधिकृत स्टोअरवर मिळतात’ हा फिरणारा संदेश चुकीचा असून, त्यावर विसंबून कोणीही अनोळखी प्रोफाइल (फोनची सेटिंग्ज बदलणारी फाइल) फोनमध्ये बसवू नये, ही कळकळीची विनंती. मार्च २०२४ मधील आयओएस १७.४ या आयफोनच्या प्रणालीच्या आवृत्तीपासून युरोपीय संघात पर्यायी स्टोअरना परवानगी मिळाली, हे खरे. परंतु तेथील ॲप्सनाही ॲपल कंपनीची नोटरायझेशन तपासणी (सुरक्षेसाठीची प्राथमिक पडताळणी) चुकत नाही आणि ती आपापल्या सँडबॉक्सच्या, म्हणजे इतर ॲप्स व मूळ प्रणालीपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेच्या, कुंपणातच चालतात. याउलट, डॉकमध्ये (होम स्क्रीनच्या तळाच्या पट्टीत) चारऐवजी पाच आयकॉन बसवणारा साधा ट्वीकसुद्धा होम स्क्रीन सांभाळणाऱ्या स्प्रिंगबोर्ड या प्रणालीच्या प्रोग्राममध्येच आपला कोड घुसवतो. ती मुभा कोणतेही अधिकृत स्टोअर देत नाही.