आधी राबवून घ्यायचे, मग किंमत सांगायची

ज्या साधनासाठी पैसे लागतात, त्याच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. मी स्वतः विश्रामबागेतल्या एका खोलीत बसून लोकांची संकेतस्थळे तयार करतो आणि त्या कामाचे पैसे घेतो. माझा संताप आहे तो पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘संपूर्ण फुकट’ असे लिहून, आपले काम तडीस जाईपर्यंत मूग गिळून बसणाऱ्या आणि अगदी शेवटच्या बटणावर किंमत उघड करणाऱ्या भामट्यांवर. आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा दर आधी बोलला जातो आणि तो पटला नाही तर शेतकरी माल द्यायला नकार देऊ शकतो. इथे मात्र आधी तुमच्याकडूनच पोती उतरवून, निवडून, भरून घेतात आणि मग सांगतात की दरवाजा उघडण्याचे दरमहा इतके रुपये होतील.

गेल्या आठवड्यात गणपती पेठेतल्या एका हळद व्यापाऱ्यांच्या पेढीवर मला याचा अगदी यथासांग अनुभव आला. त्यांचे दरपत्रक आणि मालाची माहिती अशी चौदा पाने जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे सगळ्या लिप्यांना संगणकात स्वतंत्र जागा देणारे सामाईक मानक येण्याआधीच्या) मराठी फॉण्टमध्ये टाइप केलेली होती. ज्यांना या दुखण्याची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो: त्या फॉण्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून बसलेली असतात, त्यामुळे फॉण्ट बदलला की ‘राजापुरी हळकुंड’ या शब्दांच्या जागी निव्वळ कचरा दिसतो. युनिकोडने देवनागरीला स्वतःच्या 128 जागा दिल्या आहेत. संकेतस्थळावर मजकूर टाकायचा तर तो त्या जागांवर आणून बसवण्याला पर्याय नाही.

घाईत होतो, म्हणून ‘फुकट रूपांतर’ असे मिरवणारे एक संकेतस्थळ पेढीवरच्याच संगणकावर उघडले. फाइल चढवली. मग ईमेल मागितला, दिला. मग मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागितला, तोही दिला. त्यानंतर त्याने तपासण्यासाठी म्हणून एकेक पान समोर ठेवले आणि दिवाणजी जुना छापील कागद वाचत असताना मी सव्वा तास एकेक चूक दुरुस्त करत बसलो. चुका तरी कसल्या? जुन्या पद्धतीत रफार अक्षराच्या नंतर लिहिला जातो आणि युनिकोडमध्ये तो आधी येतो, एवढेही त्या साधनाला ठाऊक नसल्याने ‘सर्व’चे ‘सवर्’ आणि ‘दर्जा’चे ‘दजार्’ झालेले होते. पहिली वेलांटी तर ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळावर अनाथासारखी लटकत होती. ‘व्यापाऱ्यांसाठी’ या शब्दाचे काय झाले होते ते इथे लिहवत नाही. चौदावे पान संपवून मी ‘डाउनलोड’ दाबले आणि पडद्यावर तीन रंगांच्या तीन चौकटी अवतरल्या: मासिक, वार्षिक, आजीवन. फुकटात काय मिळणार होते? पहिले पान, आणि त्यावरही आडवा पसरलेला वॉटरमार्क. मी हाताने केलेल्या दुरुस्त्या मलाच विकत घ्यायला सांगत होते. हा निर्लज्जपणा ज्या कोणाच्या डोक्यातून निघाला, त्याला एक दिवस त्या दिवाणजींच्या शेजारी बसवले पाहिजे.

रागाच्या भरात मी दुसरी चूक केली आणि संगणकावर बसवण्याचे एखादे साधन मिळते का ते शोधू लागलो. अशा पानांवर चार-पाच ‘डाउनलोड’ बटणे असतात. त्यांतले सर्वांत मोठे, हिरवे आणि चमकणारे बटण जाहिरातीचे असते आणि खरा दुवा खाली राखाडी, बारीक अक्षरांत दडवलेला असतो. मला हे माहीत आहे. मी हेच काम करतो. तरीही सव्वा तासाच्या मनस्तापानंतर बोट हिरव्यावर पडले आणि इन्स्टॉलरने ‘शिफारस केलेली पद्धत’ या गोंडस नावाखाली आधीच टिक केलेल्या तीन चौकोनांतून तीन पाहुणे पेढीच्या संगणकात घुसवले. ब्राउझरचे पहिले पान बदलले, कोपऱ्यात कसली तरी घंटा वाजू लागली आणि दिवाणजी चष्मा कपाळावर चढवत म्हणाले, “सर, हे आपोआप काय उगवायला लागलंय?” गिऱ्हाइकाच्या संगणकावर, गिऱ्हाइकाच्या माणसांदेखत माझी झालेली ही शोभा कोण भरून देणार?

या सगळ्यात सर्वांत चीड आणणारी गोष्ट अशी की खरोखरची मुक्त साधने आहेत, उत्तम आहेत आणि या गर्दीत तीच मागे ढकलली जातात. अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली मुक्त संगणकप्रणाली उभारण्याच्या ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली तेव्हापासून ‘मुक्त’ याचा अर्थ वापरण्याचे, आतून पाहण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य असा आहे. इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोन्ही गोष्टींना ‘फ्री’ हा एकच शब्द असल्यामुळे त्यांना हा अर्थ पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन स्वच्छ शब्द असूनही आपण ते एकाच पोत्यात भरतो. आणि हो, मुक्त परवान्यानुसार तेच साधन कोणीही पुन्हा वाटू शकतो, पैसे घेऊनसुद्धा. जाहिरातींच्या वेष्टनात गुंडाळून देणारे नेमके या उदारपणावरच पोसले जातात. गिम्प हे चित्रे संपादित करण्याचे मुक्त साधन बनवणाऱ्या मंडळींना 2013 साली आपला विंडोजचा इन्स्टॉलर एका मोठ्या वितरण-स्थळावरून काढून घ्यावा लागला तो असल्याच फसव्या बटणांपायी.

कायदा नाही म्हणावे तर तोही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 च्या नोव्हेंबरात अशा फसव्या रचनांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत 13 प्रकार नावानिशी दिले आणि ‘फुकट’ अशी जाहिरात करून पुढच्या वापराला पैसे लागतील हे न सांगणे त्यांतल्याच एका प्रकारात मोडते. ‘सात दिवस फुकट’ म्हणून आधीच कार्डाचा क्रमांक घेऊन ठेवणाऱ्यांना वेसण म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 2021 च्या ऑक्टोबरपासून आपोआप होणाऱ्या वसुलीची सूचना 24 तास आधी यावी लागते. पण सव्वा तासाची मेहनत ओलीस ठेवली गेल्याची तक्रार घेऊन मी कोणत्या खिडकीपाशी उभा राहू? तिथे तर माझा एक रुपयाही गेलेला नाही.

शेवटी घरी येऊन जे करायला हवे होते ते केले. नोटपॅड प्लस प्लस हे मजकूर संपादित करण्याचे, 2003 पासून चालत आलेले मुक्त साधन उघडले, जुन्या फॉण्टमधल्या पाऊणशे खुणा आणि त्यांची खरी अक्षरे यांचा तक्ता मांडला, वेलांटीला तिच्या जोडाक्षरापलीकडे आणि रफाराला त्याच्या अक्षराआधी नेऊन बसवणारे दोन नियम लिहिले आणि अडीच तासांत चौदाही पाने स्वच्छ झाली. त्या साधनाने ना माझा मोबाइल क्रमांक मागितला, ना चौदाव्या पानावर हात पसरला. ज्यांना द्यायची इच्छा आहे त्यांच्यासाठी देणगीचा दुवा त्यांच्या संकेतस्थळावर उघडपणे दिलेला आहे. मी तो वापरला आणि दिलेल्या पैशांचे मला जराही वाईट वाटले नाही.

दरपत्रक काल संकेतस्थळावर चढले. आज सकाळी पेढीवरून फोन आला. मला वाटले, मजकुराविषयी काही असेल. दिवाणजी विचारत होते, “सर, संगणक म्हणतोय की तुमची सात दिवसांची मुदत संपली, आता पैसे भरा. आपण कसली मुदत घेतली होती?”