वायर सोडून सगळ्यांवर संशय

ऑफिसातलं नेट बंद पडलं की मला बरं वाटतं. बंद म्हणजे बंद, त्यात दुमत नाही. साहेब स्वतः फोन लावतात, हार्डवेअरवाला पोरगा गाडीला किक मारतो आणि तोवर चहा होतो. खरा छळ हळू चालणाऱ्या नेटचा. बंद पडलेल्याला माणूस मिळतो, रखडणाऱ्याला नुसते सल्ले.

आमचं ऑफिस सांगलीत, कर सल्लागाराचं. हळदीचे, बेदाण्याचे व्यापारी, काही अडते. त्यांच्या सगळ्या वह्या कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरमध्ये, त्याला सर्व्हर म्हणायचं आणि त्याच्यापुढे उदबत्ती लावायची. आम्ही बाकीचे त्याला वायरने बांधलेले. महिन्याची 20 तारीख जवळ आली, जीएसटीचं 3बी हे मासिक विवरणपत्र भरायची घाई झाली, की पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागायचं. पक्षकार समोर बसून बघत राहायचा आणि शेवटी म्हणायचा, "काय ओ, आमचीच फाइल फिरतीय व्हय?"

पहिला संशय इंटरनेट कंपनीवर. फाइल आपल्याच कोपऱ्यातून आपल्याच टेबलावर येते, तिला बाहेरच्या रस्त्यावर जायचं कारणच नाही, हे मी सांगून पाहिलं. "असं कसं? नेट ते नेट," साहेब म्हणाले आणि त्यांनी 300 एमबीपीएसचा प्लॅन घेतला. सर्व्हरवर वेग मोजला तर 94. मोबाइलवर वायफायने 280. कंपनीचा माणूस आला, आपल्या राऊटरला लॅपटॉप लावून पूर्ण वेग दाखवून गेला. तो लबाड आहे यावर ऑफिसचं एकमत झालं.

मग अँटिव्हायरस काढला. मग टॅलीवाल्या मॅडम दुपारी यूट्यूबवर रेसिपी बघतात असं कुणीतरी हळूच म्हणालं, त्यावर मॅडमनी आठवडाभर कुणाला डब्यातलं काही दिलं नाही. साहेबांच्या मेहुण्यांनी सर्व्हरची रॅम काढून खोडरबराने घासली. (आपल्याकडे या उपचाराला मिळते तेवढी श्रद्धा क्वचितच कशाला मिळत असेल, आणि वाईट म्हणजे एरवी तो लागूही पडतो.) वायरीकडे मात्र कुणी बघितलं नाही. बिचारी भिंतीकडेला पडलेली, धूळ खात, ना तिला पासवर्ड ना तिचं बिल येतं.

हार्डवेअरवाला शेवटी आला तो प्रिंटरसाठी. सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी ज्या खोक्यात येऊन मिळतात त्याला स्विच म्हणतात; जाता जाता भिंतीवरच्या त्या स्विचकडे बघून तो म्हणाला, "काका, सर्व्हरचा दिवा पिवळा का?" बाकी सगळे हिरवे. आमच्या त्या स्विचवर हिरवा म्हणजे 1000 आणि पिवळा म्हणजे 100, हे त्या खोक्यावरच बारीक अक्षरात छापलेलं होतं. 94 चा आकडाही तिथूनच आला होता: शंभरातले पाच-सहा टक्के माहितीच्या तुकड्यांवर पत्ते-पाकिटं लिहिण्यातच जातात.

त्याने मग समजावलं. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. 100 च्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, 1000 ला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार जरी तुटली तरी दोन्हीकडची यंत्रं बहुतेक वेळा आपसात ठरवून गुपचूप 100 वर उतरतात. ना बोंब, ना सूचना. अर्धा स्टाफ रजेवर, पण खिडकी उघडी, असल्या कार्यालयासारखं. एक जीबीचा बॅकअप आठ-नऊ सेकंदांत व्हायचा, तो दीड मिनिट घेतो, आणि चौघांनी एकदम फाइल उघडली तर बघायलाच नको.

वायर धरून आम्ही मागं मागं गेलो. ती लोखंडी कपाटामागे शिरली होती आणि कपाटाचा पाय बरोबर तिच्यावर उभा होता. दिवाळीच्या साफसफाईत कपाट वीतभर सरकवलं होतं. आत काय, तर 2017 पासूनची जीएसटीची सगळी कागदपत्रं. करभाराने दबलेली वस्तू मी प्रथमच प्रत्यक्ष पाहिली.

पोराने नवी केबल ओढली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तातली केबल साहेबांना चालणार होती, त्याला चालली नाही. त्याबद्दल त्याचे आभार. "पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा…" असं तारांचा क्रम पुटपुटत त्याने टोकाला जॅक दाबून बसवला, दिवा हिरवा झाला. कपाट हलवायला चार माणसं लागतात, म्हणून जुनी वायर तशीच ठेवली. तिचं एक टोक स्विचमध्ये, दुसरं खाली लोंबकळत.

साहेबांना लोंबकळणारं काही खपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते टोक उचललं आणि स्विचच्या रिकाम्या भोकात व्यवस्थित बसवलं. एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये! अर्ध्या मेलेल्या त्या वायरीने 100 चा वेग मात्र इमानाने दिला. एकच निरोप त्या वेढ्यात गरगर फिरत, वाढत राहिला, सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले आणि ऑफिस ठप्प. पोराने फोनवर विचारलं, "कुणी कुठं काय लावलं का?" कुणीच काही लावलं नव्हतं. "मग एकेक वायर काढून बघा की." मी जुनी वायर ओढली, सगळं सुरळीत.

साहेब खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगतोय, कंपनी बदला."